इंदूरच्या काळ्या मातीत वाळवंटी बाग : घायपात लावलेल्यांनी अनुभव सांगा

चैत्रपालवी | २८ सप्टेंबर

घराच्या पश्चिमेला वीस बाय बारा फुटांचा तुकडा मोकळा पडलाय. दुपारी बारापासून दिवस मावळेपर्यंत तिथं ऊन असतं आणि तापलेली भिंत रात्री दहापर्यंत निवत नाही. मोगरा लावून झाला, जास्वंद लावून झाली. एप्रिल सरता सरता बोअर आटतं, नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, आणि त्या पाण्यातलं बादलीभर झाडांना घालताना हात आखडतो. म्हणून ठरवलंय की इथं वाळवंटी बाग करायची, आणि मधोमध घायपात.

हे झाड मला फार आवडतं. पान उलटून पाहिलंय कधी? पाठीवर शेजारच्या पानाच्या काट्यांची नक्षी उमटलेली असते. पानं पोंग्यात घट्ट मिटलेली असताना पडलेला तो ठसा, पान वाळून जाईपर्यंत तसाच राहतो. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी अंगणात खाली बसून एकेक पान बघत राहिले होते.

पण माझा पहिला प्रयत्न वाईट रीतीनं फसला. २०२० च्या जुलैमध्ये पाच रोपं आणली. पावसात लावा, लवकर धरतात, असं नर्सरीत सांगितलं. निचरा हवा हे वाचलेलं होतं, म्हणून दोन-दोन फूट खोल खड्डे घेतले, वाळू आणि गिट्टी भरली आणि लावली. ऑगस्टमधला तो पाऊस इंदूरकरांना आठवत असेलच, चोवीस तासांत दहा इंचांच्या वर. आठवड्यानं मधलं पान सहज धरलं तर अख्खा पोंगा हातात आला, सडलेल्या कांद्यासारखा वास. पाचातली चार गेली. नळाजवळच्या फुटक्या कुंडीत तात्पुरतं ठेवलेलं पाचवं मात्र आजही धडधाकट आहे.

आता पुन्हा हिंमत करतेय. इथल्या पावसात घायपात जगवलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

गच्चीवरचा_माळी | २८ सप्टेंबर

ताई, तुमची झाडं खड्ड्यानं मारली. पाऊस निमित्त झाला.

आपली काळी माती भिजली की फुगते आणि पाणी खाली सोडत नाही. तिच्यात दोन फूट उकरून वाळू-गिट्टी भरली म्हणजे तुम्ही जमिनीत हौद बांधलात. आजूबाजूच्या वाफ्याचं पाणी त्या हौदात उतरतं, तळाला मात्र वाट नसते. ते साचून कुजेल, पण हलणार नाही. फुटकी कुंडी जगली ती याच कारणानं, तिला खालून भोक होतं.

उकरू नका, चढवा. शेतकरी हळदी-आल्याला गादीवाफा करतात तसा, फक्त दीड फूट उंच आणि मधे फुगीर. माझं माप असं: तीन तगाऱ्या मुरूम, दोन तगाऱ्या बारीक गिट्टी, एक तगारी माती. क्रशरची चुरी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका, घेतलीच तर चाळून आणि धुऊन. तिच्यातली पूड पावसात बसते आणि सिमेंटासारखी घट्ट होते. आणि रोप उतारावर जरा कलतं लावा, पोंग्यात पाणी साठणार नाही.

सुदामानगरी | २८ सप्टेंबर

माळीदादा सोळा आणे खरं म्हणून राहिले. आमच्या गल्लीत एकानं असाच खड्डा केला होता, त्यात बेडूक राहायला आले. रात्रभर ते गाऊन राहिले आणि घायपात ऐकून राहिलं.

पग_पग_नीर | २९ सप्टेंबर

मला हा विचारच पटत नाही. 'मालव धरती गहन गंभीर, डग-डग रोटी, पग-पग नीर' असं जिच्याबद्दल म्हणतात त्या जमिनीवर वाळवंट कशासाठी? गिट्टी पसरली की दुपारी तीच तापते आणि घर आणखी तापवते. पश्चिमेच्या भिंतीला कण्हेर लावा, मेंदी लावा. दोन्ही पाणी कमी पितात, सावली देतात, कण्हेरीवर फुलपाखरं अंडी घालतात. मेक्सिकोचं झाड आणायचं, त्याच्यासाठी माती बदलायची, आणि मग पावसापासून ते वाचवायचं! आपल्या मातीत जे आपसूक येतं त्याला जागा द्यावी असं मला मनापासून वाटतं.

चैत्रपालवी | २९ सप्टेंबर

पग_पग_नीर, तुमचं गिट्टीबद्दलचं म्हणणं लक्षात घेईन. पण भिंतीच्या पायथ्यालाच घराची पाण्याची आणि ड्रेनेजची लाइन आहे, मोठ्या मुळांचं काही लावता येत नाही. आणि पग-पग नीर आजीच्या वेळचं. तेव्हा आमच्या विहिरीत मे महिन्यातही पोहरा बुडायचा. आज तीच विहीर बुजवून वर गाडी उभी असते.

शब_ए_मालवा | २९ सप्टेंबर

मी मूळची इंदूरच्या रामबागेतली, गेली एकोणीस वर्षं अमेरिकेत फिनिक्सला. अंगणात अकरा जातींची घायपातं आहेत, म्हणून लिहितेय.

आमच्याकडे वर्षभरात २०० मिमीच्या आतबाहेर पाऊस पडतो. तुमच्या त्या ऑगस्टच्या एका दिवसात त्याहून जास्त पडला. त्यामुळे इथली पुस्तकं वाचून इंदूरला घायपात लावलं की फसगत होते. 'पंधरा दिवसांनी एकदा पाणी' हा सल्ला इथं बरोबर आहे, कारण आमच्या जमिनीत पाणी टिकतच नाही. आणि इथंही निचऱ्याची कटकट आहेच. काही भागांत फूट-दोन फुटांवर चुन्याचा दगडासारखा थर लागतो, कॅलिची म्हणतात त्याला. तो पहारीनं फोडला नाही तर इथल्या वाळवंटातही मुळं कुजतात.

एक गोष्ट मात्र तुमच्याकडे आहे आणि आमच्याकडे नाही. घायपात रात्री श्वास घेतं. पानावरची छिद्रं दिवसा बंद असतात, रात्री उघडतात. तेव्हा घेतलेला कार्बन डायऑक्साइड ते आम्लाच्या रूपात साठवून ठेवतं आणि दिवसा उजेडात वापरतं. म्हणून रात्र निवावी लागते. आमच्याकडे जुलैच्या रात्रीही भट्टीसारख्या असतात, तेव्हा माझी झाडं थांबतात, कितीकांना दुपारनंतर जाळीची सावली करावी लागते. आणि माळव्याची रात्र! मी हे नाव उगाच घेतलेलं नाही. सकाळ बनारसची, संध्याकाळ अवधची आणि रात्र माळव्याची असं म्हणतात ना, ती रात्र घायपाताला फार मानवेल. उन्हाळा तुमचं झाड मारणार नाही. जून ते सप्टेंबर तेवढे सांभाळा.

लष्करवाला | ३० सप्टेंबर

ग्वाल्हेरहून. आमच्याकडे मे-जूनमध्ये पारा ४५ च्या वर जातो, त्यानं झाडाला काही झालं नाही. आमचा शत्रू जानेवारी. पंधरा-पंधरा दिवस धुकं, ऊन नाही, पहाटे पारा दोन-तीन अंशांवर. अटेन्युएटा नावाची बिनकाट्याची मऊ जात असते, हंसाच्या मानेसारखा दांडा टाकणारी, ती मी हौसेनं आणली. एका रात्रीत तिची पानं उकडलेल्या पालकासारखी झाली. शेजारी अमेरिकाना होतं, निळसर राखी, पिवळ्या काठाचं. त्याला खरचटलंही नाही. इंदूरला एवढी थंडी नसते, तरी अटेन्युएटा घेणार असाल तर भिंतीच्या आडोशाला ठेवा. तिला भर दुपारचं ऊनही सोसत नाही.

गोदाकाठ | ३० सप्टेंबर

धागा वाचून गाव आठवलं. आमच्याकडे मराठवाड्यात याला केकताड म्हणतात. बांधाबांधावर असायचं, गुरं आत शिरत नाहीत म्हणून. पानं कापून ओढ्याच्या डबक्यात दगडाखाली भिजत घालायची. आठ-पंधरा दिवसांनी कुजली की तो वास अर्ध्या शिवारात जायचा. मग दगडावर आपटून धुवायची आणि पांढरा स्वच्छ वाख निघायचा. गावातले मातंग कारागीर त्याचे दोर, कासरे, दावी, शिंकी वळायचे. पोळ्याला बैलाच्या गळ्यात नवं दावं त्या वाखाचं. माझ्या चुलत्यांना पीळ देताना मी तासन्‌तास बघत बसायचो. एका टोकाला मूल बसवायचे चाक फिरवायला, ते मूल बऱ्याचदा मीच.

नायलॉन आलं आणि दहा वर्षांत सगळं थांबलं. बांधावरची केकताडं जेसीबीनं गेली. अंगणात कुणी हौसेनं लावतंय हे वाचून बरं वाटलं.

दोन_पिल्लांची_आई | १ ऑक्टोबर

सगळं छान आहे पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या अंगणात कडेलाच घायपात होतं. मुलगा सात वर्षांचा, चेंडू काढायला वाकला आणि पानाचं टोक डोळ्याच्या खाली अर्धा इंचावर रुतलं. थोडक्यात वाचला. त्या रात्री मी झोपले नाही. सकाळी नवऱ्यानं झाड उपटायला घेतलं, हातमोजे न घालता, उघड्या दंडांनी. रस उडाला तिथं आग-आग, मग फोड, आठ दिवस मलम लावत होते.

लावणाऱ्यांनी लावावं. पण घरात लहान मुलं असतील तर दहा वेळा विचार करा.

गच्चीवरचा_माळी | १ ऑक्टोबर

वहिनी, वाचून काळजात धस्स झालं. लेकरू सुखरूप आहे हे महत्त्वाचं.

सगळ्यांसाठी लिहितो. मोठ्या जातीचा घेर सहा ते दहा फुटांवर जातो. हातभर रोप बघून वाटेच्या कडेला लावलं की चार वर्षांनी ते वाटेवर येतं. वाटेपासून निदान पाच-सहा फूट आत लावा. टोकाची सुई नखं कापायच्या कटरनं पाव इंच उडवली तरी झाडाचं काही बिघडत नाही, आमच्याकडे नातवंडं येतात म्हणून मी सगळ्या सुया कापतो. रसात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यानं कातडीची आग होते. कापताना पूर्ण बाह्या, जाड मोजे, डोळ्यांवर चष्मा.

मालतीबाग | १ ऑक्टोबर

आमच्या सासूबाई म्हणतात काटेरी झाड दारात नको, घरात भांडणं होतात. कुणाला तसा अनुभव?

सुदामानगरी | १ ऑक्टोबर

मालतीताई, आमच्या दारात नुसती तुळस आहे, भांडणं तरी होऊनच राहिली.

मालतीबाग | १ ऑक्टोबर

:) सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या पण हसल्या. म्हणाल्या मागच्या अंगणात लाव.

विश्वामित्रीकाठ | २ ऑक्टोबर

वडोदऱ्याहून. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी आमच्या सोसायटीत तीन दिवस कमरेएवढं होतं. जमिनीतली माझी तीनही घायपातं गाळात बुडाली. पाणी उतरल्यावर मी पानं धुतली, पोंग्यातला गाळ पाइपनं काढला, बुरशीनाशक ओतलं. दोन गेली. तिसरं मोठं होतं, तेही गेलं असंच वाटलं, पण दिवाळीनंतर बुडातून चार पिल्लं फुटली. गच्चीवरच्या कुंड्यांतलं एकही गेलं नाही.

मला त्यातून एवढं कळलं की आमच्यासारख्या दमट हवेत छोट्या जाती कुंडीतच ठेवाव्यात. व्हिक्टोरिया-रेजिने म्हणून एक आहे, पांढऱ्या रेघांची, चेंडूसारखी गच्च. ती जून लागला की मी छज्जाखाली सरकवते आणि दसऱ्याला बाहेर काढते.

पेरते_व्हा | २ ऑक्टोबर

कंपोस्ट किती घालायचं ते कुणी लिहिलंच नाही. इंदूरला राहून कंपोस्ट नको असं कसं म्हणता? सगळ्या जगात 'इंदूर पद्धत' म्हणून शिकवतात ती इथलीच. १९२४ मध्ये इथं वनस्पती-उद्योग संस्था सुरू झाली, अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतातला काडीकचरा, शेण आणि गोठ्यातली मूत्रमाती थरावर थर रचून ती पद्धत बसवली. आज तिथं कृषी महाविद्यालय आहे. तिकडच्या झाडांखालून जाताना मला दर वेळी अभिमान वाटतो. मी सगळ्या झाडांना अर्धं कंपोस्ट घालतो, घायपातालाही घातलं, पानं केवढी रुंद झाली!

गच्चीवरचा_माळी | २ ऑक्टोबर

पेरते_व्हा, यशवंत वाडांचं नाव काढलंत, फार बरं केलंत. लोक हॉवर्डचं नाव घेतात आणि वाडांना विसरतात.

पण घायपाताला अर्धं कंपोस्ट नको हो. पानं रुंद होतात ती पाण्यानं फुगलेली असतात, गर मऊ राहतो, पावसात बुरशी तिथूनच शिरते. शिवाय कंपोस्ट पाणी धरून ठेवतं, आणि आपल्याला नेमकं तेच नको आहे. सुरुवातीला मूठ-दोन मुठी चांगलं कुजलेलं, बस्स. बाकीचं पेरू-डाळिंबाला द्या, ते दुवा देतील.

पेरते_व्हा | ३ ऑक्टोबर

माझं तर तिसऱ्या पावसाळ्यातही ठीक आहे. पण ते उताराच्या अंगणात आहे, हेही खरं.

चैत्रपालवी | ४ ऑक्टोबर

सगळ्यांचे आभार. मुरूम सांगितलाय, एक छोटी ट्रॉली. नर्सरीतून आज तीन रोपं आणली. पिशव्यांत नुसतं कोकोपीट दिसतंय आणि शेडनेटखाली वाढलेली आहेत. तसंच लावू की काही करायला हवं?

शब_ए_मालवा | ४ ऑक्टोबर

तसंच लावू नकोस! कोकोपीटचा गोळा मुळाशी राहिला तर भोवती कितीही मुरूम असो, मुळं ओल्या स्पंजात बसल्यासारखी राहतात. उलट एकदा पूर्ण वाळला की त्यात पाणी शिरतही नाही. पिशवी काप, गोळा बादलीत बुडव, बोटांनी हलक्या हातानं सगळं सोडव. काळी मऊ मुळं काप, पांढरी-पिवळी राहू दे. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसतंय का बघ, पिठ्या ढेकूण तिथंच लपतो. मग पाच-सहा दिवस सावलीत उघडं ठेव, मुळांच्या जखमा सुकू देत. अजिबात घाबरू नकोस, घायपात महिनाभरही मुळं उघडी ठेवून जगतं. लावल्यावर पहिलं पाणी आठवड्यानं.

आणि शेडनेटखालचं रोप एकदम पश्चिमेच्या उन्हात नेऊ नको. पांढरे डाग पडतात, ते कधीच भरून येत नाहीत. ऑक्टोबरचं ऊन त्रास देतं, पहिले पंधरा दिवस दुपारी जुनी ओढणी टाक.

चैत्रपालवी | २६ ऑक्टोबर

लावली! वाफा बरोबर दीड फूट. कडेला पाडलेल्या भिंतीचे काळे दगड रचले. मधे फुटक्या कुंडीतलं जुनं झाड, मानाचं. कुंडी फोडली तेव्हा मुळं कुंडीच्या भेगेतून बाहेर येऊन जमिनीत चार बोटं गेलेली होती. पाच वर्षं ते स्वतःच वाट काढत होतं.

अण्णा_रामबाग | ११ फेब्रुवारी

धागा वर काढतो आहे. मी नियमित लिहीत नाही, वाचतो. वय ७४, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. आमच्या फाटकाशी एक घायपात आहे, २०१२ मध्ये मुलीच्या लग्नाच्या वर्षी लावलेलं. कडेला काटे नाहीत, फक्त टोकाला काळी सुई. गेल्या आठवड्यात पोंग्यातून मनगटाएवढा जाड, टोकदार कोंब वर आला. रोज सकाळी सातला मोजतो आणि भिंतीवर गेरूनं खूण करतो. काल सकाळपासून आज सकाळपर्यंत पाच बोटं वाढला.

हा फुलाचा दांडा आहे, हे मला कळतं. फुललं की झाड मरतं हेही ऐकून आहे. दांडा कापला तर ते वाचेल का? एवढंच विचारायचं आहे.

गच्चीवरचा_माळी | ११ फेब्रुवारी

अण्णा, नमस्कार. तुम्हाला खरं सांगतो. कापून वाचत नाही. दांडा आला म्हणजे वाढीचा मधला डोळाच फूल झाला, आता तिथून नवं पान येणार नाही. दांडा कापला तर जुनी पानं थोडे जास्त दिवस तग धरतील, इतकंच. इतकी वर्षं साठवलेली सगळी साखर ते आता वर पाठवतंय. पाठवू द्या.

कडेला काटे नाहीत म्हणता, म्हणजे तुमचं सिसालाना असावं, वाखाचं घायपात. त्याला शतायुषी वगैरे म्हणतात त्यात अर्थ नाही, दहा-पंधरा वर्षांत फुलतं. पण त्याची एक गंमत आहे. बी जवळजवळ धरत नाही. फुलं गळली की त्याच फांद्यांवर छोटी-छोटी रोपं येतात, पानांसकट, कधी मुळांसकट. शेकड्यांनी. झाड उभ्या उभ्या लेकरं वाटतं.

शब_ए_मालवा | १२ फेब्रुवारी

अण्णा, फाटकाशी, डाव्या हाताला, निळ्या दाराच्या घरात का? माहेरी आले की मी त्या झाडाजवळून जाते! मागच्या खेपेला माझ्या मुलीनं त्याच्यासमोर फोटो काढला.

इकडे ॲरिझोनाच्या दक्षिणेला डोंगरांत घायपातं फुलतात तेव्हा मेक्सिकोतून लांब नाकाची वटवाघळं येतात, रात्री फुलांतला मध प्यायला. ती इतकी कमी झाली होती की धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत होती. २०१८ मध्ये त्यांना यादीतून काढलं, संख्या वाढली म्हणून. तुमच्याकडे ती येणार नाहीत, पण कोण कोण येतं ते लिहून ठेवाल का? मला फार उत्सुकता आहे.

अण्णा_रामबाग | १२ फेब्रुवारी

होय, निळं दार. पुढच्या खेपेला आत या, चहा घ्या.

कापणार नाही.

पग_पग_नीर | १३ फेब्रुवारी

अण्णा, रोजची मापं इथं टाका. मी वाट बघतो.

अण्णा_रामबाग | १९ एप्रिल

दांडा अठरा फूट चार इंच. शेवटच्या खुणा गच्चीवरून कराव्या लागल्या. आता वाढ थांबली, वरच्या भागात आडव्या फांद्या, त्यावर हिरवट पिवळ्या फुलांचे गुच्छ. वास चांगला नाही, शेजारच्यांनी विचारलं काही मेलं आहे का. सकाळी सहा ते आठ सूर्यपक्षी, दोन जोड्या. साळुंक्या. कावळा फुलात चोच बुडवून पितो, हे मी प्रथमच पाहिलं. मधमाश्या दिवसभर. रात्री साडेनऊला टॉर्च मारली तर मोठे पतंग होते, वटवाघूळ दिसलं नाही.

खालची पानं सुरकुतली आहेत. आडवी होत चालली आहेत. पाणी घालून पाहिलं, उपयोग नाही. सकाळी चहा घेताना मी तिथं खुर्ची टाकून बसतो.

दोन_पिल्लांची_आई | १९ एप्रिल

अण्णा, रविवारी मुलांना घेऊन बघायला येऊ का? मुलगा म्हणतोय, लांबून बघेन.

अण्णा_रामबाग | १९ एप्रिल

अवश्य या. मी खालच्या सगळ्या सुया कापून ठेवतो.

चैत्रपालवी | २१ जुलै

काल रात्रभर पाऊस. पहाटे चार वाजता छत्री घेऊन बाहेर गेले, २०२० ची भीती मनात होतीच. अंगणात घोटाभर पाणी, पण वाफ्याचे काळे दगड त्याच्या वर. मुरमात बोट खुपसलं, वरचं बोटभर ओलं, त्याखाली नुसतं दमट. पाणी दगडांच्या फटींतून निथळताना ऐकू येत होतं. पोंगे घट्ट आहेत, चारही. हलवून बघितले, हलले नाहीत!

पग_पग_नीर, गिट्टीचं तुमचं ऐकलं होतं. वर गिट्टी नुसती झाडांच्या बुडाशी आहे, मोकळ्या जागेत गवती चहा आणि भिंतीकडे, पाइपलाइन सोडून, दोन कण्हेरी.

पग_पग_नीर | २१ जुलै

कण्हेरी लावल्यात, आनंद झाला. मागच्या महिन्यात मी मुलाला घेऊन सैलान्याला राजवाड्यातली निवडुंगांची बाग बघायला गेलो होतो. तीही माळव्यातलीच जमीन, तोच पाऊस. तिथं एका मोठ्या घायपातासमोर बराच वेळ उभा होतो. पाण्याचं माझं म्हणणं मी सोडलेलं नाही, पण झाडाबद्दलचं सोडलं.

अण्णा_रामबाग | ६ सप्टेंबर

मूळ झाड गेलं. पानं तपकिरी होऊन जमिनीला टेकली. दांडा अजून उभा आहे आणि फांद्यांवर बोटाएवढी रोपं गच्च आहेत, वारा आला की टपटप पडतात. आजपर्यंत ४१२ उचलली, वर्तमानपत्रावर पसरून ठेवली आहेत. ज्यांना हवी त्यांनी सांगावं. बाहेरगावी पोस्टानं पाठवीन, पण वाटेत टिकतील का?

गोदाकाठ | ६ सप्टेंबर

टिकतील अण्णा. १८९३ मध्ये हिंडोर्फ नावाच्या जर्मन माणसानं फ्लोरिडाहून पूर्व आफ्रिकेला अशीच हजार रोपं मागवली होती. बोटीच्या प्रवासानंतर ६२ जगली, आणि टांझानियाचा सगळा वाखाचा धंदा त्या ६२ वर उभा राहिला. इंदूर ते नांदेड म्हणजे काहीच नाही. मला दहा पाठवा. बांधावर लावणार आहे, चुलत्यांच्या शेताच्या.

विश्वामित्रीकाठ | ६ सप्टेंबर

मला पाच. यंदा उंचावर लावेन.

लष्करवाला | ७ सप्टेंबर

ग्वाल्हेरला सहा. ओल्या कागदात गुंडाळू नका अण्णा, कोरड्याच पाठवा. खोक्याला भोकं पाडा.

चैत्रपालवी | ७ सप्टेंबर

अण्णा, मी घ्यायला येते. वाफ्याच्या दक्षिणेला एक जागा राखून ठेवलीय, भोवती सहा फूट मोकळी. आत्ता कुंडीत लावून ठेवीन, पाऊस गेला की जमिनीत.

अण्णा_रामबाग | ७ सप्टेंबर

रविवारी सकाळी आठनंतर या. जाड कापडी पिशवी आणा, प्लॅस्टिकची नको, टोकं आरपार जातात. भिंतीवरच्या गेरूच्या खुणा पावसानं पुसट झाल्या आहेत पण वहीत सगळी मापं आहेत, ती पण दाखवीन.